मामाच्या गोठ्यातल्या पाहुण्या शेळ्या

माझ्या मामाला पाठीमागे सगळी गल्ली ‘मजेत’ म्हणते. नवख्या माणसाला पत्ता सांगतानासुद्धा ‘मजेतच्या घरापासून डावीकडे वळा’ असं सांगतात. कारण सोपं आहे. मामाला कधीही विचारा, कसं काय चाललंय, तो म्हणणार, ‘मजेत.’ शिडीवरून पडून त्याचा हात मोडला होता तेव्हा डॉक्टरांनी तेच विचारलं आणि त्यांनाही त्याने तेच उत्तर दिलं. डॉक्टरांनी मामीकडे वळून विचारलं, ‘पेशंट नक्की कोण आहे?’ एकदा वादळात गोठ्याचे पत्रे उडून शेजारच्या शेतात जाऊन पडले. सकाळी लोक हळहळत बघायला आले, तर हा गोठ्यात उभा राहून वर बघत म्हणतो, ‘उजेड छान येतोय आता.’ मला असल्या माणसांचा राग येतो. मामावर माझा जीव आहे, म्हणून त्याचा जरा जास्तच येतो.

मामाचा धंदा शेळ्यांच्या दुधाचा. लहानपणी तो दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचा. मग पोटाला चिमटा काढून एक स्वतःची घेतली, तिची करडं वाढवली, आणि असं करत करत तीस शेळ्यांचा गोठा उभा राहिला. गोठा त्याने स्वतःच्या हाताने बांधलाय. एका भिंतीला पंधरा दावी, समोरच्या भिंतीला पंधरा, मधून सिमेंटची वाट, आणि टोकाला धार काढायचा लाकडी ओटा. कुठल्या दाव्याला कुठली शेळी हे ठरलेलं. दारापाशी पहिली जागा एका पांढऱ्या, लांब मानेच्या, आखडू शेळीची. मला शाळेत नोकरी लागली त्याच आठवड्यात मामाने तिचं नाव ‘मास्तरीण’ ठेवलं. चालताना ती मान अगदी माझ्यासारखी धरते, असं त्याचं म्हणणं.

दूध चीजच्या कारखान्यात जायचं आणि तिथलं चीज हॉटेलांमध्ये. गल्लीत प्रत्येक घरासमोर रस्त्याच्या कडेला एक दगडी कट्टा आहे. पहाटे त्यावर दुधाचे कॅन ठेवायचे. कारखान्याची गाडी यायची, भरलेले कॅन न्यायची, रिकामे ठेवून जायची.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. कारखान्याचा माणूस वर्षातून एकदा प्रत्येक गोठ्याची प्रतवारी करायला यायचा. गोठा किती स्वच्छ, जनावरं किती तरतरीत, ते बघून प्रत ठरायची आणि त्या प्रतीवर वर्षभराचा दुधाचा भाव. त्यामुळे ज्याच्याकडे तपासणी असेल त्याच्या मदतीला अख्खी गल्ली धावायची. भिंतींना चुना लागायचा, वाट घासली जायची. एखादी शेळी खंगलेली असली तर तिला मागच्या दाराने शेजारी पाठवायचं आणि तिच्या जागी शेजाऱ्याची गुबगुबीत शेळी आणून बांधायची. याला ‘पाहुणी आणणं’ म्हणायचे. त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एकदा एकाच शेळीला तिसऱ्या गोठ्यात बघून तो म्हणाला होता, ‘हिचं बरंच येणं-जाणं आहे वाटतं.’ पण लिहिलं काही नाही. मामाच्या गोठ्याच्या दारावर अव्वल प्रतीच्या पत्र्याच्या पाट्या ओळीने ठोकलेल्या आहेत. तिथली जागा संपली तेव्हा त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे मोर्चा वळवला होता. मामीने हातोडी लपवून ठेवली.

मग साथ आली. हॉटेलं बंद झाली, माझी शाळा बंद झाली, मी राहत होते ते वसतिगृहही बंद झालं. मी बॅग उचलली आणि मामाकडे आले. फोनला रेंज फक्त चाऱ्याच्या माळ्यावर मिळायची, म्हणून मी तिथे गवताच्या भाऱ्यावर बसून मुलांना शिकवायचे. मध्येच खालून मास्तरीण ओरडली की मुलं म्हणायची, ‘टीचर, तिचीपण हजेरी घ्या.’

थोड्याच दिवसांत कारखान्याने मामाला फोन केला की तूर्त तुमचं दूध घेत नाही. हे मला मामीकडून कळलं. मामाला विचारलं तर म्हणाला, ‘आराम आहे आता.’ कसला आराम? कारखाना दूध घेवो न घेवो, शेळीची कास भरतेच आणि धार काढावीच लागते. आम्ही पिऊन पिऊन किती पिणार? मामीने घरातलं प्रत्येक भांडं दह्याने भरलं. मी म्हटलं, गल्लीत वाटू या. तर मामाचा चेहरा असा झाला की जणू मी कपडे काढून फिरायला सांगितलंय. ‘इतकं दूध उरतं कसं, असं विचारतील लोक.’ मग उरलेलं दूध तो गोठ्यामागच्या चरात ओतायचा, कॅन धुऊन लख्ख करायचा आणि समोरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवायचा. गाडी येऊन दूध घेऊन गेली असं दिसावं म्हणून. हे सगळं मी माळ्याच्या खिडकीतून बघायचे. गल्लीतल्या बाकीच्या कट्ट्यांवरही कॅन ओळीने दिसायचे. नेमकं आमचंच दूध नाकारलं गेलं म्हणून मला कारखान्याचा संताप यायचा.

चाऱ्याचा खर्च काही थांबला नव्हता. शेवटी एका सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि अठरा शेळ्या घेऊन गेला. मिळेल त्या भावाला. गल्लीला मामाने सांगितलं, डोंगरावर मेव्हण्याकडे चरायला पाठवल्यात, तिकडे गवत चांगलं आहे. मामीचा भाऊ डोंगरावर राहत नाही. तो शहरात शिंपी आहे आणि त्याला जनावरांच्या केसांची ॲलर्जी आहे.

बारा शेळ्या उरल्या. त्याही व्यापारी महिनाअखेरच्या सोमवारी नेणार होता. मामाने त्याला परस्पर हो म्हणून टाकलं होतं आणि शीतगृहावर रखवालदाराच्या जागेसाठी शब्दही टाकला होता. मामीला हे कळलं ते व्यापाऱ्याचा फोन तिने उचलला म्हणून. मामी सहसा रडत नाही, ती भांडी घासते. त्या दिवशी तिने कढई इतकी घासली की तिचा मूळचा रंग आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिला. मग हात पुसत म्हणाली, ‘रखवालदार म्हणे. झोपेतसुद्धा हा माणूस शेळीला यू-यू करतो. तिथे खुर्चीत बसून काय करणार?’ मलाही तेच दिसत होतं. मामाला दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

सरकारी मदतीची बातमी मामीनेच रेडिओवर ऐकली. साथीच्या काळात ज्यांचा माल घेतला गेला नाही, ज्यांना जनावरं विकावी लागली, अशा शेतकऱ्यांना सरकार भरपाई देणार होतं. मी माळ्यावर बसून फोनवरूनच अर्ज भरला. मामा म्हणाला, ‘भर, भर. पण गल्लीत बोलू नकोस.’ काही दिवसांनी कचेरीतून निरोप आला की गुरुवारी अधिकारी शेताची तपासणी करायला येतील.

आमचं घोडं अडलं ते याच शब्दापाशी. मामाने जन्मभर एकाच तऱ्हेची तपासणी पाहिली होती.

मी त्याला समोर बसवून सांगितलं, ‘मामा, काही करायचं नाही. जे आहे ते तसंच दिसू दे. रिकामी दावी रिकामीच दिसायला हवीत.’

‘हो, हो.’

‘समजलं ना?’

‘अगं, हो म्हटलं ना.’

मुलांचं ‘हो टीचर’ किती खरं आणि किती खोटं ते मला फोनवरूनही कळतं. मामाचं मात्र समोर बसून कळलं नाही.

गुरुवारी सकाळी बँकेत मामीची सही हवी होती, म्हणून आम्ही दोघी बसने तालुक्याला गेलो. रांगेत लांब लांब उभं राहायचं, त्यात वेळ गेला. दुपारी परत आलो तेव्हा आमच्या दारातून एक पांढरी सरकारी गाडी निघत होती. आतल्या बाईंनी आमच्याकडे बघून हात हलवला. मास्क असूनही त्या खूश दिसत होत्या. पुढच्या क्षणाला ओल्या चुन्याचा वास आला.

मामा दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्याच्या मागे गोठा असा झळकत होता की लग्नघरही मागे पडावं. आणि दोन्ही भिंतींना शेळ्या. सगळीच्या सगळी दावी भरलेली. काही शेळ्यांच्या गळ्यात घुंगरूसुद्धा होतं. आमच्या बारा त्या गर्दीत हरवल्यासारख्या वाटत होत्या, आणि मास्तरीण शेजारच्या पाहुणीकडे तोंड वाकडं करून बघत होती.

‘बाई काय म्हणाल्या ऐका,’ मामा म्हणाला. ‘म्हणाल्या, अशी निगा अख्ख्या तालुक्यात पाहिली नाही. कारखान्याच्या नोंदीत तीस, इथेही तीस. विचारलं, नुकसान काही? मी म्हटलं, छे, अर्ज भाचीने उगाच काळजीने भरला, सगळं मजेत.’

मामी आत गेली आणि धार काढायच्या ओट्यावर मटकन बसली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘ती बाई पाटी द्यायला नव्हती आली.’

‘ते माहितीये मला.’

‘मग? आपलं काय गेलंय ते बघायला आली होती ती. आणि तुम्ही तिला लोकांच्या शेळ्या दाखवल्यात.’

मामाने एका पाहुणीच्या गळ्यातलं घुंगरू सरळ केलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘परक्या बाईला रिकामा गोठा कसा दाखवायचा?’

मला त्याला गदगदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याची इतकी दया आली की मी नुसता त्याच्या बाहीवरचा चुना झटकला. सोमवार अगदी उद्यावर आल्यासारखा वाटायला लागला. मामी उठली आणि कढई शोधायला गेली.

इतक्यात तीच पांढरी गाडी परत दारात उभी राहिली. मागून पळत पळत शेजारचे सुतारकाका आले आणि त्यांच्या मागून, काठी टेकत, त्यांची म्हातारी आई.

झालं होतं ते असं. आमच्याकडे नुकसान नाही म्हटल्यावर बाईंचं काम पटकन आटपलं. मग त्यांनी शुक्रवारचं एक घर गुरुवारीच उरकायचं ठरवलं. ते घर सुतारकाकांचं. त्यांनीही अर्ज केला होता, अर्थात कुणाला न सांगता. बाई त्यांच्या गोठ्यात गेल्या तर आठही दावी रिकामी. सुतारकाकांची भंबेरी उडाली आणि ते भुशाबद्दल काहीतरी बोलायला लागले. आजींनी मात्र खाटेवरूनच सरळ सांगून टाकलं, ‘शेळ्या ना? मजेतकडे पाहुण्या गेल्यात. संध्याकाळी येतील.’

बाई गोठ्यात आल्या. आता त्या खूश नव्हत्या. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं.

‘यातल्या तुमच्या किती?’

मामाने एका पाहुणीचं दावं उगाच सारखं केलं.

‘मागच्या आठवड्यात एका गावात हेच पकडलं मी. एकच कळप गावभर फिरवायचा आणि प्रत्येकाने तो आपला म्हणून दाखवायचा, दुधाची भरपाई शेळ्या मोजून मिळते म्हणून. सरकारी पैसा आहे हा, काका.’

मी पुढे झाले. मास्तरीण असल्यामुळे मला वाटतं की समजावून सांगितलं की सगळ्यांना समजतं. मी प्रतवारीबद्दल सांगितलं, पाट्या दाखवल्या, पाहुणी आणणं म्हणजे काय ते सांगितलं. बोलता बोलता माझं मलाच ते थापेसारखं वाटायला लागलं.

‘म्हणजे शोभेसाठी?’ बाई म्हणाल्या. ‘नुकसान मोजायला येणाऱ्या माणसापुढे शोभा? माझ्या अख्ख्या नोकरीत मला नुकसान वाढवून सांगणारेच भेटलेत. नुकसान झाकण्यासाठी शेळ्या उसन्या आणणारा कुणी असेल यावर माझा विश्वास बसत नाही. माफ करा.’

त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. ‘खात्री होत नसेल तर मला या गल्लीतले सगळे अर्ज रद्द करावे लागतील.’

‘सगळे म्हणजे?’ सुतारकाकांनी विचारलं.

‘नऊ अर्ज आहेत या गल्लीतून.’

गोठ्याच्या दारात एव्हाना गल्ली जमली होती, अंतर ठेवून, मास्क लावून. टपालवाला होता, शिवणकाम करणारी काकू होती, गिरणीवाला होता. ज्यांच्या शेळ्या पाहुण्या आल्या होत्या ते सगळेच. नऊ म्हटल्यावर कुणीच कुणाकडे बघेना. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सुतारकाकांचा चेहरा मास्कच्या वरचा जेवढा दिसत होता तेवढा पांढरा पडला. मामाने त्यांच्याकडे पाहिलं. दोघे एका वर्गात होते, एका बाकावर. स्वतःसाठी मामाने तोंड उघडलं असतं असं मला आजही वाटत नाही.

‘थांबा बाई,’ तो म्हणाला. ‘यांचं काही चुकलेलं नाही. मी दाखवतो तुम्हाला.’

त्याने एका पाहुणीचं दावं सोडलं आणि दारात नेऊन सुतारकाकांच्या हातात दिलं. मग दुसरीचं. ही सुताराची, ही काकूंची, ही गिरणीची. एक एक करत त्याने अठराही शेळ्या मालकांच्या हवाली केल्या. घुंगरं वाजत वाजत बाहेर गेली आणि गोठा मोठा दिसायला लागला. चुना लावलेल्या भिंतीला लोंबणारी दावी तेवढी उरली.

मग तो पहिल्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभा राहिला.

‘इथे एक तपकिरी होती. तिच्या कपाळाला खाजवल्याशिवाय ती धार काढू द्यायची नाही.’ तो पुढे सरकला. ‘या दोन जुळ्या. एकीला बाहेर नेलं की दुसरी ओरडायची, म्हणून मधली फळी काढून टाकली होती मी. इथे काळी होती, लंगडी, पण दूध सगळ्यांत जास्त. व्यापारी म्हणाला लंगडीचा भाव निम्मा. मी म्हटलं, बरं.’

असा तो वाटेने एकेका जागेपाशी थांबत गेला. मध्ये एका ठिकाणी त्याला बोलवेना तेव्हा मामी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ती जागा तिने सांगितली. माझे डोळे भरून आले होते आणि मास्कमुळे नाक पुसायची पंचाईत झाली होती.

‘डोंगरावर कुणी नाही,’ मामा शेवटच्या दाव्यापाशी म्हणाला. हे तो बाईंना नाही, दारातल्या गल्लीला सांगत होता. ‘अठरा विकल्या. या उरलेल्या सोमवारी जाणार. माझं दूध कारखाना घेत नाही. मी ते मागच्या चरात ओततो. मग कॅन धुऊन कट्ट्यावर ठेवतो, तुम्हाला वाटावं गाडी नेतेय म्हणून. काही मजेत नाहीये. पहिल्या दिवसापासून नाहीये.’

मग सुतारकाकांनी घसा खाकरला.

‘म्हणजे तुझंही नेत नाहीत?’

‘तुझंही म्हणजे?’

‘अरे, मी तुझे कॅन बघून रोज माझे ठेवायचो. म्हटलं, याचं जातंय आणि माझं नाही, हे दिसायला नको.’

‘मी तुमच्या दोघांचे बघून ठेवायचे,’ शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या.

गिरणीवाल्याने नुसता हात वर केला. टपालवाला म्हणाला, त्याने तर एकदा कॅन आडवासुद्धा करून ठेवला होता, गाडीवाल्याने घाईत टाकल्यासारखा. साथ सुरू झाल्यापासून रोज सकाळी अख्खी गल्ली एकमेकांसाठी रिकामे कॅन मांडत होती.

‘मी तेव्हापासून सांगतेय,’ सुतारकाकांच्या आई काठी आपटत म्हणाल्या, ‘गाडीचा आवाज येत नाही म्हणून. तर मला म्हणतात, आई, तुला ऐकू कमी येतं.’

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. मामी असावी. पण एकदा सुरू झाल्यावर ते आवरेना. लोक भिंतीला टेकून, शेळ्यांच्या पाठीवर हात टेकून हसत होते. मास्तरीण सोडून सगळे. मामासुद्धा हसला आणि हसता हसता त्याने बाहीला डोळे पुसले. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन हिंडणाऱ्या माणसांना कुणीतरी सांगावं की ठेवा आता खाली, तसं वाटत होतं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शेजारची बादली उपडी केली आणि तिच्यावर बसल्या. ‘मला तो चर दाखवा,’ एवढंच म्हणाल्या.

आम्ही त्यांना गोठ्यामागे नेलं. चराच्या कडेला दुधाची वाळलेली पांढरी साय थरावर थर चढून बसली होती आणि आंबट वास सुटला होता. त्यांनी वाकून बघितलं, फोटो काढले. नंतर त्या एकट्याच सुतारकाकांच्या आणि काकूंच्या मागीलदारी जाऊन आल्या. सगळीकडे तोच वास असणार. परत आल्या तेव्हा मामाचा कागद त्यांनी खोडून पहिल्यापासून लिहायला घेतला. मामा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता. दोनदा त्याच्या तोंडात सवयीने ‘तसं ठीक’ आलं, तेव्हा मामीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

‘पैसे यायला काही आठवडे जातील,’ बाई सही करत म्हणाल्या. ‘सोमवारचं काय?’

मामाने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, ‘चाऱ्याची सोय झाली तर कुणाला विकायच्यात?’

‘चारा कचेरीच्या गोदामात आहे, याच कामासाठी आलेला. मी चिठ्ठी देते, उद्या उचला. त्या व्यापाऱ्याला सांगा, येऊ नको.’

माझा जीव भांड्यात पडला. मामीचा तर इतका पडला की तिने बाईंना दह्याची पाच भांडी आणून दाखवली आणि यातलं हवं ते घेऊन जा म्हणाली. बाईंनी एक घेतलं. गाडीत बसताना त्यांनी गल्लीकडे वळून सांगितलं, ‘उद्या मी उरलेल्या घरी येणार आहे. प्रत्येकाची शेळी ज्याच्या त्याच्या घरी असू द्या. आणि चुना लावू नका, मेहेरबानी करून.’

त्या संध्याकाळी मामा जेवला आणि ताटावरच पेंगायला लागला. साथ आल्यापासून पहिल्यांदा त्याचं घोरणं माळ्यापर्यंत ऐकू आलं. सकाळी कट्टे रिकामे होते. कुणीच कॅन मांडले नव्हते. दूध उघड उघड घरोघर वाटलं जात होतं, ज्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या त्या घरांनाही. व्यापाऱ्याला मामीने फोनवर नाही सांगितलं. दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी.

पैसे आले. वाटलं होतं तितके नाही, पण बारा शेळ्या राखायला आणि काही नव्या घ्यायला पुरले. लंगडी परत मिळते का, म्हणून मामा व्यापाऱ्याकडे स्वतः जाऊन आला. ती गेली होती. जुळ्यांतली एक मात्र मिळाली.

माझी शाळा उघडली, मी परत गेले. मामात एक फरक पडला, आणि तो सगळ्या गल्लीला महागात पडलाय. त्याला आता कुणी कसं काय विचारलं तर तो सांगतो. गुडघा सांगतो, दाढ सांगतो, शेळीचा खोकला सांगतो, कारखान्याचा भाव सांगतो. टपालवाला म्हणे आता लांबूनच हात करून जातो. जन्मभराचं साठलेलं आहे, बाहेर पडायला वेळ लागणारच.

परवा मी फोन केला. मी हल्ली चहाचा कप घेऊन, बसून फोन करते. विचारलं, कसं काय. गुडघा झाला, दाढ झाली. मास्तरीण व्याली, दोन करडं, त्यातलं एक मान वर धरून चालतं. कारखान्याची गाडी पुन्हा यायला लागली, अजून सगळं दूध नेत नाही, पण नेते. मग तो थांबला.

‘आणि एकूण?’ मी विचारलं.

‘एकूण मजेत.’

मी म्हटलं, ‘मामीला फोन दे.’

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे कुठेतरी करडू ओरडत होतं.

‘खरंच गं,’ मामी म्हणाली.